हस्तलिखित डीटीपीला देण्याआधी

नागपुरात पहिलं पुस्तक काढणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. लिहून होतं, लगेच मजकूर डीटीपीवाल्याकडे जातो आणि झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात प्रकाशनाची तारीखही ठरते. तुमच्या आयुष्यभराचा अनुभव त्या पानांत आहे, म्हणूनच कळकळीनं सांगतो, तारीख शेवटी ठरवा.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथे'त असताना नव्या लेखकाला पत्रं पाठवून पुन्हा लिहायला लावत. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. आज स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्याला असा संपादक सहसा मिळत नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

पहिला खर्डा महिना-दोन महिने बाजूला ठेवा. मग कागदावर छापून घ्या आणि मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. समजा, असं वाक्य आहे: 'अंबाझरी तलावाच्या काठावर मावळत्या सूर्याची सोनेरी किरणे पाण्यावर पसरलेली असताना बाबांनी मला सांगितले की ते आता नोकरी सोडणार आहेत.' त्याऐवजी 'अंबाझरीच्या काठावर बाबा म्हणाले, मी नोकरी सोडतोय' एवढंच लिहा. बाबांचा निर्णय आता नीट ऐकू येतो. सोनेरी किरणं कुणाच्याही पुस्तकात असतात, बाबा तुमचेच आहेत. अशी काटछाट करताना जीव तुटतो, पण करा.

नंतर एक प्रत अशा माणसाला द्या, जो तुमच्या घरचा नाही आणि कौतुकही करत बसणार नाही. कुठे कंटाळा आला, एवढंच त्याला विचारा.

हे सगळं पानं लावायच्या आधी व्हायला हवं. नंतर एक परिच्छेद घातला की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते. शिवाय डीटीपीवाला युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये घेतो तेव्हा जोडाक्षरं फुटतात. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या' असे शब्द मुद्रितात मुद्दाम शोधून तपासा.

खर्चाची अडचण असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित पक्कं झालं की तिथे जरूर पाठवा.

आणि आपली बोली सांभाळा. तुमची आजी 'मले मालूम नाई' म्हणत असेल, तर मुद्रितशोधक त्याचं 'मला माहीत नाही' करून ठेवील. त्याच्या दृष्टीनं ते शुद्ध. शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. मजकूर देतानाच अशा वऱ्हाडी-नागपुरी शब्दांची यादी सोबत जोडा आणि वर ठळक लिहा: 'हे शब्द बदलू नयेत.'