पंक्तिप्रपंच

माझी बहीण नाशिकला असते आणि तिचा मुलगा टोरांटोला. दर वर्षी नवरात्र बसले, की ती मालेगावला येते. आमच्या हिच्या हातची भाजणी न्यायला. त्या दिवसांत आमच्या घरात चकलीखेरीज दुसरा विषय नसतो. चकली लक्ष्मीपूजनाच्या आत टोरांटोला पोचली पाहिजे, मग पोचवणावळ चकलीच्या चौपट का होईना! मी एकदाच गमतीने म्हणालो, "अगं, संक्रांतीला पोचली म्हणून काय बिघडेल? चकली तीच ना?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पुन्हा तो विनोद करण्याची माझी छाती झाली नाही. दिवाळीची चकली दिवाळीतच खावयाची असते. एवढी साधी गोष्ट माझ्या बहिणीला कळते, आणि जगभर चित्रपट व मालिका विकणाऱ्या बड्या बड्या मंडळींना कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

तक्रारीचे निमित्त हाच भाचा. सप्टेंबर 2024. घरात गणपती बसलेले. आरती आटोपून प्रसाद वाटीत होतो, तोच त्याचा फोन आला. "मामा, आत्ता मालेगाव पाहून आलो!" मला वाटले, लेकाने न कळवता विमान पकडले की काय. तसे काही नव्हते. तिकडच्या चित्रपट महोत्सवात रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट दाखवला होता आणि हा गृहस्थ तिकीट काढून तो पाहून आला होता. मी अधीर होऊन विचारू लागलो, आपला मोसम पूल आहे का रे, अमुक गल्ली आहे का, तमुक आहे का. तो म्हणाला, "सांगत नाही मामा. तुम्ही बघाल तेव्हा मजा जाईल."

आम्ही बघू तेव्हा! गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळ संपला. महाशिवरात्र होऊन दोन दिवसांनी, म्हणजे 28 फेब्रुवारी 2025 रोजी, तो चित्रपट भारतात लागला. मालेगावची गोष्ट टोरांटोकरांनी साडेपाच महिने आधी पाहिली. बारसे आमच्या घरचे, आणि पेढे मात्र सारे जग खाऊन गेल्यावर आमच्या हाती!

ही गोष्ट कोणाची होती, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. आठवडाभर खटाखट चालते आणि शुक्रवारी माग बंद राहतात. नवा चित्रपटही शुक्रवारीच लागतो. जणू ही सोय विधात्याने मालेगावसाठीच केली. माग बंद पडला, की माणूस निघाला चित्रगृहाकडे. त्याचे हे प्रेम कधी कधी आवरेनासे होते. 12 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आमच्या मोहन चित्रगृहात 'टायगर 3' चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके उडवले आणि त्या पराक्रमाची चित्रे देशभर फिरली. तो शुद्ध गाढवपणा होता. पण ज्या गावाला पडद्यावरच्या माणसासाठी दिवाळी आत न्यावीशी वाटते, त्याला 'चित्रपटाची ओढ नाही' असे तरी कोणी म्हणू नये.

ह्याच गावात नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत होता. देशोदेशीचे चित्रपट पाहून पाहून तो ती विद्या शिकला, आणि 2000 साली त्याने 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे 50,000 रुपये. सायकलवर कॅमेरा धरला की ती झाली ट्रॉली. बैलगाडीचे जू उचलले की झाली क्रेन. मग 'मालेगाव का सुपरमॅन'. तो काढला जात असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर एक माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. हा माहितीपट 2008 चा. परदेशच्या महोत्सवांतून तो गाजला, बक्षिसे घेऊन आला. आणि भारतातल्या चित्रगृहांत तो केव्हा लागला? जून 2012 मध्ये, तोही मोठ्या शहरांतल्या मोजक्या बहुपडदा चित्रगृहांत. सुपरमॅनचा झगा घातलेला शफीक शेख हा यंत्रमागावर राबणारा काटकुळा पोरगा. तंबाखूच्या राक्षसाशी लढणारा सुपरमॅन त्याने रंगवला आणि स्वतः कर्करोगाने 2011 साली गेला. आपल्या गावातल्या, आपल्या देशातल्या लोकांनी तिकीट काढून रांगेने आत जावे आणि आपल्याला पाहावे, हे त्याच्या डोळ्यांना दिसले नाही. कोणी म्हणेल, चार वर्षांचा उशीर म्हणजे काय मोठे? त्याच्यापुरता तो उशीर नव्हता. त्याच्यापुरते ते कधीच नव्हते.

आता कोणी शहाणा मला सांगेल, की अहो, हे उशीर पूर्वापार आहेत. आहेत खरे. मालेगावला चित्रपटाची पेटी यावयाची ती मोठ्या शहरांत पुरेशी फिरून, झिजून, तुटून, जोडून. गाण्याच्या ऐन मध्यात पडद्यावर पाऊस पडे. प्रती मोजक्या होत्या, पेटीला हातपाय नव्हते, रस्त्याला अंतर होते. ते आम्ही सोसले आणि त्याबद्दल कुणाला शिवी दिली नाही. दूरदर्शनने अमेरिकेतली 1966 सालची 'स्टार ट्रेक' आमच्या घरांत आणली ती 1980 नंतरच्या दशकात. म्हणजे प्रकाशाहून वेगाने धावणारे ते जहाज भारतात यायला दीडेक तप लागले! आम्ही हसलो आणि पाहिली. मोगलीची तर आणखी गंमत. किपलिंगने त्याला वाढवला तो आमच्या नागपूरला लागून असलेल्या सिवनीच्या रानात. त्याची चित्रमालिका काढली जपान्यांनी. ती जपानातल्या पोरांनी 1989 मध्ये पाहिली आणि सिवनीच्या पोरांनी 1993 मध्ये. तरीही त्या रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडत, हे चाळिशीतल्या कोणत्याही वाचकाला विचारा.

पण आता अंतर कुठे उरले आहे? पेटी गेली, फीत गेली, चित्र तारेतून आणि हवेतून येते. आणि जेव्हा अंतर संपू लागले, तेव्हा ह्या व्यापाऱ्यांनी ते मुद्दाम नव्याने बांधून काढले. डीव्हीडी ही चकती आली तेव्हाची गोष्ट घ्या. एवढीशी चकती, पाकिटात घालून कुठेही न्यावी. पण त्यांनी जगाचे तुकडे पाडून त्यांना आकडे दिले. अमेरिका आणि कॅनडा 1. युरोप आणि जपान 2. असे करत करत हिंदुस्थान, आफ्रिका, रशिया ह्यांना 5. पहिल्या आकड्याची चकती पाचव्या आकड्याच्या यंत्रात घातली, की यंत्र तोंड मिटून घेई. आमच्याकडे लग्नात पहिल्या पंगतीला व्याही, दुसरीला गाव आणि शेवटी वाजंत्रीवाले, असा क्रम लावणारे महाभाग होते. त्याला पंक्तिप्रपंच म्हणत आणि चार शहाणी माणसे त्याबद्दल यजमानाला खडसावीत. इथे साऱ्या जगाचा पंक्तिप्रपंच यंत्रात कोरून विकला, आणि खडसावणारे कोणी नव्हते!

माल वेळेवर पोचत नाही म्हणून उशीर होतो, हा तर निव्वळ बहाणा आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' ह्या मालिकेच्या सातव्या हंगामाचा चौथा भाग ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेत दिसण्यापूर्वीच बाहेर फुटला. कोठून फुटला? न्यूयॉर्कहून नव्हे, तर भारतातल्या प्रक्षेपणासाठी काम करणाऱ्या, मुंबईतल्या एका तांत्रिक कंपनीच्या कोठारातून! चार जणांना अटक झाली. ती योग्यच झाली. चोरी ती चोरी. पण ह्या चोरीने एक सत्य उजेडात आणले, ते कोणी नीट पाहिले नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या ताटात पडण्याआधीच तो पदार्थ आमच्या मुंबईत शिजून झाकून ठेवलेला होता. मग मालेगावला यायला त्याला कोणता घाट आडवा येतो? कसारा?

घाट आहे तो कराराचा. हक्क देशादेशाला तोडून विकायचे, एका देशात एकालाच द्यायचे, आणि घेणाऱ्याचा करार संपला की दुसरा गिऱ्हाईक सापडेपर्यंत दुकानाला कुलूप. ह्या कुलपाचा मासला सांगतो. 'सक्सेशन' ही गाजलेली मालिका. तिचा चौथा, शेवटचा हंगाम 26 मार्च 2023 रोजी अमेरिकेत सुरू झाला. आपल्याकडे पहिला भाग दिसला आणि 31 मार्चला इथल्या चित्रसेवेचा करार संपला. पुढचे भाग गुल! 9 एप्रिलच्या भागात मालिकेतला म्हातारा मेला (ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी क्षमा करावी, आमच्यावरही तेव्हा हाच प्रसंग गुदरला होता). लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने तर त्या खोट्या म्हाताऱ्याचा मृत्युलेख छापला. अमेरिकेत सुतक फिटले, तेरावे झाले, मासिक घालण्याची वेळ आली, तरी आमच्याकडे म्हातारा ठणठणीत! मे महिन्यात दुसऱ्या एका सेवेवर ती मालिका उगवली, तेव्हा आम्ही त्या म्हाताऱ्याला मारायला मोकळे झालो. वर्गणी तर आधीच भरलेली होती. पैसे घेऊन पान वाढायचे आणि एक घास झाल्यावर पान उचलून न्यायचे, असा यजमान मी अन्य कोणत्या धंद्यात पाहिला नाही.

"पण एवढी घाई कशाला? चांगली गोष्ट उशिरा पाहिली तरी चांगलीच राहते," असे म्हणणारे आमच्या वाचनालयातही दोघेतिघे आहेत. त्यांना मी विचारतो, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो दिवाळीतच का काढला? शिमग्याला काढला असता तर कथा त्याच राहिल्या नसत्या का? राहिल्या असत्या. पण मग घरोघर एकाच वेळी वाचणे, शेजारणीकडून अंक मागून आणणे, 'ती कथा वाचलीत का हो' म्हणून भाऊबिजेला भांडणे, हे कुठून आले असते? गोष्टीतला अर्धा आनंद गोष्टीत असतो आणि अर्धा बरोबरच्या माणसांत. उशिरा येणाऱ्याला गोष्ट मिळते, पंगत मिळत नाही.

सगळेच थांबणे मला अमान्य आहे असे मात्र नाही. हिंदी चित्रपट पडद्यावर लागल्यावर आठ आठवडे घरच्या पडद्यावर देऊ नये, असा चित्रगृहवाल्यांचा आग्रह असतो. तो मला पटतो, कारण त्यावर दारवानापासून समोशाच्या टपरीपर्यंत किती चुली चालतात, हे मी शुक्रवारी डोळ्यांनी पाहतो. भाषांतराला, आवाज घालण्याला, सेन्सॉरला वेळ लागतो हेही खरे. तो सांगा, आम्ही थांबू. पण बरेचदा सांगतच नाहीत! तारीख नाही, कारण नाही, 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही' एवढीच पाटी. ह्या पाटीपुढे उभा राहिलेला सतरा वर्षांचा पोरगा मग काय करतो, ते मला आणि तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्यासाठी 2023 च्या दुरुस्त कायद्याने व्यवस्था चोख केली आहे: चोरून प्रत काढणाऱ्याला निदान तीन महिने तुरुंग आणि निदान तीन लाख रुपये दंड. तीन लाख! त्या दंडात नासिर शेखचे सहा 'शोले' निघाले असते. चोरी करणाऱ्याला दंड असावा, ह्याबद्दल माझा वाद नाही. पण दाम मोजायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला दारात तिष्ठत ठेवणाऱ्याला निदान चार आणे तरी दंड असावा की नाही?

माझे मागणे मोठे नाही. ज्या गावाची गोष्ट, त्या गावात ती पहिल्या दिवशी लागावी. महोत्सवात मिरवायची असेल तर खुशाल मिरवा, पण त्याच रात्री इथेही एक खेळ करा. चित्रगृह आहे, पडदा आहे, प्रेक्षक तर इतका आहे, की त्याला आवरायला पोलीस लागतात. 'साबर बोंडं' ह्या रोहन कानवडे यांच्या मराठी चित्रपटाने जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सनडान्सचे मोठे बक्षीस पटकावले. आमच्या खेड्यातली, आमच्या बोलीतली गोष्ट. ती इथे लागायला 19 सप्टेंबर उजाडला. 'शोले'चा सेन्सॉरने 1975 साली कापलेला मूळ शेवट पन्नास वर्षांनी जोडला, तो पहिल्यांदा पाहिला कोणी? जून 2025 मध्ये, इटलीतल्या बोलोन्या गावच्या लोकांनी, भर चौकात. आम्हाला डिसेंबर दाखवला. ज्या मालेगावने 'शोले' स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या बैलगाडीवरून दुसऱ्यांदा काढला, त्याला निदान चौकातली एक खुर्ची तरी धाडायची होती!

चकलीचा डबा बांधून झाला आहे. बहीण म्हणते, वर दोन ओळी लिही. मी लिहिले होते, "चि. भाच्यास आशीर्वाद. पुन्हा कधी मालेगावचा चित्रपट तिकडे आधी लागला, तर मला फोन करू नकोस." मग ते खोडले. आता लिहिले आहे, फोन कर. शेवट तेवढा सांगू नकोस.