कुजायलाही वाफसा लागतो!

मंडळी, आज एक कबुली. मागच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या आमच्या इवल्याशा बाल्कनीत मी टोमॅटोची सहा रोपं लावली, कागदी कुंड्यांसकट. कुंडीवर ‘बायोडिग्रेडेबल’ असं ठसठशीत लिहिलेलं. म्हणजे कुंडी मातीत जिरणार, रोप खूश, आपणही खूश! महिन्याभरात पानं पिवळी. उपटून पाहिलं तर कुंड्या जशाच्या तशा, आणि मुळं आतल्या आत गोल फिरून दमलेली.

गप्पच बसणार होते. पण दिवाळीत कोडोलीला गेले आणि मामाने विचारलं, “वांग्याच्या रोपांना प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी ही तुझी कागदाची कुंडी घेऊ काय गं? हजारभर लागतील बघ.” कौतुक मीच करून ठेवलेलं, पैसे मात्र मामाच्या खिशातून जाणार! म्हटलं, थांब मामा, आधी टेस्ट करू.

टेस्ट एकदम सोपी. तीन नमुने घेतले : वर्तमानपत्राची घरी वळलेली कुंडी, बाजारातली लगद्याची कुंडी आणि टपरीवरचा कागदी कप. प्रत्येकाचं कोरडं वजन करून, माती भरून, कांद्याच्या जाळीदार पिशवीत घातलं, म्हणजे तुकडे हरवत नाहीत. एक सेट मामाच्या उसाच्या कडेला पाचटाखाली वीतभर खोल पुरला, दुसरा माझ्या बाल्कनीत कोकोपीटमध्ये. हसू नका! शास्त्रज्ञ तर चक्क चहाच्या पिशव्या पुरतात. २०१३ साली मांडलेल्या ‘टी बॅग इंडेक्स’मध्ये ग्रीन टी आणि रूइबॉसच्या पिशव्या सुमारे ९० दिवस मातीत ठेवून, त्यांचं वजन किती घटलं यावरून मातीची कुजवण्याची ताकद मोजतात.

संक्रांतीला उकरलं. कोडोलीत वर्तमानपत्राच्या नावाने चार काळपट चिंध्या. लगद्याची कुंडी हात लावताच भुगा. कपाचा कागद बराचसा गेलेला, पण आतलं पातळ प्लास्टिकचं अस्तर मात्र अख्खं! आणि पुण्यात? लगद्याची कुंडी धुतली असती तर पुन्हा वापरता आली असती.

मी थक्क, मामा मात्र शांत. “अगं, कुजायलाबी वाफसा लागतोय.” वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं. कागद पाण्यात साखरेसारखा विरघळत नाही, त्यातलं सेल्युलोज बुरशी आणि जिवाणू खातात. त्यांना ओल हवी, हवा हवी, ऊब हवी. शिवाय नत्रही हवं, कारण कागदात कार्बन भरपूर आणि नत्र जवळपास नाहीच. मग ते नत्र मातीतून उचलतात आणि रोप पिवळं पडू शकतं. माझ्या टोमॅटोंचं बहुधा हेच झालं. ‘कंपोस्टेबल’ प्लास्टिकची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याची प्रयोगशाळेतली चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला होते. एवढी गरम बाल्कनी कुणाची असते?

तेव्हा कागदी कुंडी घेणार असाल, तर एवढं करा. लावण्याआधी ती चांगली भिजवा आणि तळाला, बाजूला चिरा द्या. काठ मातीबाहेर ठेवू नका, तो वातीसारखा ओल खेचून वाऱ्यावर उडवतो आणि मुळं कोरडी पडतात. सोबत मूठभर शेणखत द्या. आणि चहाचा कप कुंडी म्हणून अजिबात पुरू नका.

मामाने हजारांऐवजी शंभरच कुंड्या घेतल्यात, या हंगामापुरत्या. “रोपं फुलावर आली की बाकीच्यांचं बघू,” म्हणाला. मी मात्र येताना कोडोलीची पिशवीभर माती घेऊन आले. एसटीत शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय गं, गूळ काय?”

“नाही काकू,” म्हटलं, “बाल्कनीसाठी वाफसा!”