फोटो कन्व्हर्ट करायला शिकण्याआधी कॅमेऱ्याची सेटिंग बदला



एचईआयसी फोटोचा जेपीजी कसा करायचा हे व्हिडिओत दाखवलं. पण व्हिडिओत बटणं दाखवण्यातच वेळ जातो, मत सांगायचं राहून जातं. ते इथे लिहितो.

माझं मत सरळ आहे. धंद्यासाठी फोन वापरणाऱ्या माणसाला रोज स्वतःचेच फोटो कन्व्हर्ट करावे लागत असतील, तर त्याने कन्व्हर्टर शोधणं बंद करावं आणि कॅमेऱ्याची एक सेटिंग बदलावी. कन्व्हर्ट करण्याची विद्या दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलसाठी राखून ठेवावी. आणि हा सगळा त्रास कोणी घ्यायचा? ज्याला पैसे मिळणार आहेत त्याने. गिऱ्हाइकाने नाही.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. जेपीजी हा 1992 सालचा फॉरमॅट. तीस वर्षांहून जुना, त्यामुळे झेरॉक्सवाल्याच्या खटारा कॉम्प्युटरपासून सरकारी पोर्टलपर्यंत सगळीकडे उघडतो. एचईआयसी त्यामानाने नवा. ॲपलने 2017 मध्ये आयओएस 11 आणलं, तेव्हापासून आयफोन 7 आणि त्यापुढचे फोन आपोआप याच फॉरमॅटमध्ये फोटो काढतात. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्येही तो आहे, पण तिथे आपण चालू केला तरच. फायदा एकच आणि तो खरा आहे: तोच फोटो साधारण निम्म्या जागेत बसतो. ॲपलने वाईट काही केलेलं नाही. फक्त तो फॉरमॅट फोनच्या मालकाच्या सोयीचा आहे, आणि आपला फोटो जातो दुसऱ्याकडे.

माझं दुकान गिफ्ट आयटमचं. मग प्रिंटिंग, फोटो फ्रेम, किचेन. त्यामुळे लोकांचे फोटो दिवसभर माझ्याकडे येतच असतात आणि हा घोळ मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघतो. घोळ नेमका कुठे होतो ते सांगतो, कारण हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आयफोनवरून व्हॉट्सॲपला साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप त्याचा जेपीजी करूनच पाठवतं. काही अडत नाही. पण ते फोटो बारीकही करतं, क्वालिटी जाते. म्हणून प्रिंटिंगवाला सांगतो, "दादा, डॉक्युमेंट करून पाठवा." सल्ला बरोबर आहे. डॉक्युमेंट केलं की फाइल जशीच्या तशी जाते. पण जशीच्या तशी म्हणजे एचईआयसीच जाते! मग तोच प्रिंटिंगवाला म्हणतो, "फाइल ओपन होत नाहीये." दोन्ही वेळा त्याचं बरोबर असतं आणि मधल्यामध्ये आपली संध्याकाळ जाते.

संध्याकाळ गेली तर चालेल, ऑर्डर गेली तर? माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण देतो. ब्लाउजवर हाताने आरी वर्क करतात, काम असं की बघत राहावं. बाहेरगावच्या एका बुटिकवाल्यांनी सँपलचे फोटो ईमेलवर मागितले. ताईंनी नवीन घेतलेल्या आयफोनवरून तीसेक फोटो काढले आणि लॅपटॉपवरून जोडून पाठवले. समोरच्यांच्या कॉम्प्युटरवर एकही उघडला नाही. त्यांनी कळवलं. ताईंनी उत्तर दिलं की तुम्ही अमुक ॲप डाउनलोड करा, त्यात उघडतील. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. पुढे कळलं की काम दुसरीकडे दिलं.

आता त्या बुटिकवाल्यांच्या जागी स्वतःला ठेवा. समोर पाच जणांचे ईमेल आहेत. चौघांचे फोटो क्लिक केले की दिसतात, पाचव्याचे बघायला ॲप घ्यायचं. तुम्ही घ्याल? मी नाही घेणार. ताईंचा माल चांगला होता, पण तो कुणी पाहिलाच नाही.

म्हणून सेटिंग. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्स. तिथे 'हाय एफिशियन्सी' निवडलेलं असतं, त्याऐवजी 'मोस्ट कम्पॅटिबल' करा. झालं. यापुढचे फोटो जेपीजी. जुने आहेत तसेच राहतात, त्यांचं पुढे सांगतो. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड पिक्चर ऑप्शन्स' आहे, त्यात 'हाय एफिशियन्सी पिक्चर्स' चालू असेल तर बंद करा. मॉडेलप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे असू शकतं.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं, "सर, जागा भरेल ना." भरेल, पण हिशोब करून बघू. साधारण फोटो एचईआयसीमध्ये दोन एमबी धरा, जेपीजीमध्ये चार. फरक दोन एमबीचा. दुकानाचे महिन्याला 300 फोटो काढले तर 600 एमबी जास्त लागतील, म्हणजे वर्षाला सात जीबीच्या आसपास. 128 जीबीच्या फोनला हे झेपतं. नसेल झेपत तर आधी व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपमधले सुप्रभात डिलीट करा, त्यातच निम्मं काम होईल. दुसरी शंका क्वालिटीची. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4032 बाय 3024 पिक्सेल असतो. ए4 फ्रेमच्या चांगल्या प्रिंटला 300 डीपीआयने 3508 बाय 2480 लागतात. फॉरमॅट बदलला म्हणून हे पिक्सेल कमी होत नाहीत. मसाल्याच्या पाकिटाच्या फोटोत तुम्हाला किंवा गिऱ्हाइकाला फरक दिसणार नाही, खात्रीने सांगतो.

एकाच बाबतीत मी माघार घेईन. रीलसाठी 4के मध्ये 60 फ्रेमने शूटिंग करत असाल, तर आयफोनला हाय एफिशियन्सीच लागतं. अशा वेळी शूटिंगपुरतं बदला, परत मागे आणा. पण 'मला रील करायचेत' असं म्हणून वर्षभर सेटिंग तशीच ठेवणारे आणि महिन्याला एक रील टाकणारे मी भरपूर बघितलेत.

आता कन्व्हर्ट करायचंच झालं तर. आयफोनवर बाहेरचं ॲप लागत नाही. फोटो उघडून शेअर दाबा, 'सेव्ह टू फाइल्स' करा. मग फाइल्स ॲपमध्ये त्या फाइलवर बोट दाबून धरा, 'क्विक ॲक्शन्स' येईल, त्यात 'कन्व्हर्ट इमेज'. जेपीईजी निवडा. जेपीजी आणि जेपीईजी एकच, घाबरू नका. साइजही तिथेच विचारतो. हे आयओएस 16 पासून आहे. एकदम बरेच फोटो निवडूनही करता येतं, म्हणजे जुन्या फोटोंची सोय झाली. अँड्रॉइडवाल्यांकडे दुसऱ्याची एचईआयसी फाइल आली असेल तर कॅनव्हामध्ये अपलोड करून जेपीजी म्हणून डाउनलोड करा. विंडोज कॉम्प्युटरवर उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये हीफचं एक्स्टेन्शन फुकट मिळतं. पण आयफोनच्या फोटोला सोबत एचईव्हीसीचंही लागतं आणि ते मायक्रोसॉफ्ट विकत देतं. बघा, म्हणजे समोरच्याला 'तुम्हीच उघडून घ्या' म्हणणं हे त्याला खर्चात टाकणंही असू शकतं.

फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिणारे एक्सपर्ट प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असतात. डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. काही ॲप आतला फॉरमॅट ओळखून ती फाइल उघडतात, म्हणून आपल्याला वाटतं जमलं. पोर्टलवर टाकली की अडकते.

स्क्रीनशॉट मारणारे दुसरे. घाईत मीही कुणाला तसं सांगतो, पण फक्त बघण्यापुरतं. स्क्रीनशॉट तुमच्या स्क्रीनएवढाच असतो, त्यात वर बॅटरी आणि वेळही येते. त्यावरून फ्रेम केली तर चेहरे मेणाचे दिसतात. शिवाय आयफोनचा स्क्रीनशॉट सहसा पीएनजी असतो, म्हणजे जेपीजी मागणाऱ्या पोर्टलचा प्रश्न सुटतच नाही.

पोर्टलवरून आठवलं, जीएसटी नोंदणीत मालकाचा फोटो जेपीईजीच लागतो आणि तोही 100 केबीच्या आत. इथे लोक फॉरमॅट बरोबर करतात आणि साइजवर अडकतात, कारण फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो आधी पासपोर्टसारखा क्रॉप करा, मग कन्व्हर्ट करताना 'स्मॉल' निवडा. बहुतेक वेळा बसतो. (उद्यम नोंदणीला फोटो नाही, कागद नाही, फी नाही. त्यासाठी 'डॉक्युमेंट अपलोड चार्ज' मागणारा भेटला तर त्याच्या दुकानातून चहा न पिता बाहेर पडा.)

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला ती. गूगलवर 'एचईआयसी टू जेपीजी' टाकलं की फुकट वेबसाइटची रांग लागते. लोक तिथे काय अपलोड करतात? मालाचे फोटो असतील तर जाऊ दे, ते तसेही जगाला दाखवायचेच आहेत. पण मी माणसं बघितलीत आधार, पॅन, कॅन्सल चेक, भाडेकरार, सगळं अशा साइटवर चढवताना, कारण बँकेच्या फॉर्मला जेपीजी हवा असतो. ती साइट कुणाची, कुठल्या देशातली, फाइल तिथून कधी पुसली जाते, काही माहीत नसतं. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने लोकांना सावध केलं होतं की फुकट फाइल कन्व्हर्टरच्या नावाखाली व्हायरस टाकणारे आणि फाइलमधली माहिती उचलणारे लोक आहेत. आपल्याकडचंही आठवा. जून 2020 मध्ये सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर होतं. किती दुकानदारांचे सगळे कागद त्यात स्कॅन केलेले होते! ॲप चांगलं की वाईट हा वेगळा विषय, पण आपली कागदपत्रं आपण कुठे ठेवलीत याचा विचार बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

माझ्या बॅचमध्ये यावर सूट नाही. ओळखपत्राचा फोटो फोनच्या आतच कन्व्हर्ट करायचा. येत नसेल तर मोस्ट कम्पॅटिबल करून नवा फोटो काढायचा, मिनिटभराचं काम आहे. आणि जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्यायचं, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

लोगोचं एक सांगून पुढे जातो. लोगो पीएनजीमध्ये असेल तर तो जेपीजी करू नका. जेपीजीला पारदर्शक पार्श्वभूमी माहीतच नाही, मागे पांढरा चौकोन येतो, कधी काळा. रंगीत बॅनरवर तो ठिगळासारखा दिसतो. आणि उलट, मालाचे फोटो उगाच पीएनजी करू नका, फाइल फुगते आणि क्वालिटी वाढत नाही. ॲमेझॉनवर माल लावणाऱ्यांनी तर जेपीजीच धरावा. ते पीएनजीही घेतात, पण पसंती जेपीजीला आहे. मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी आणि वस्तूने फ्रेमचा 85 टक्के भाग व्यापलेला हवा, याकडे लक्ष द्या, फोटो सहसा त्यावरच परत येतात.

राहता राहिलं गिऱ्हाइकाकडून येणारे फोटो. इथे आपण घेणारे आहोत, पण पैसेही आपल्यालाच मिळणार आहेत, म्हणून त्रास पुन्हा आपलाच. नातीच्या वाढदिवसाचा मग करायला आलेल्या आजोबांना मी फॉरमॅट शिकवत नाही. ते एचईआयसी पाठवोत नाहीतर वेबपी, कन्व्हर्ट मी करतो. फक्त व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये एक मेसेज ठेवलाय, तो पाठवतो. तुम्हाला हवा तर तसाच उचला:

"नमस्कार. फोटो गॅलरीतून निवडा, वर एचडी लिहिलंय ते दाबा आणि पाठवा. मगसाठी एवढं पुरतं. मोठी फ्रेम असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कुठल्याही फॉरमॅटमध्ये चालेल. कृपया स्क्रीनशॉट पाठवू नका. प्रिंट करण्याआधी डिझाइन तुम्हाला दाखवू."