माइकच्या दांड्यातला ट्रान्सफॉर्मर
शुअरचा एसएम५७ हा माइक १९६५ पासून बाजारात आहे. स्नेअर ड्रम असो की गिटारचा अँप, स्टुडिओत आधी तोच पुढे केला जातो. पडद्याला चिकटलेली बारीक कॉइल चुंबकाच्या फटीत हलते आणि वीज उपजते. दांड्यातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर तिचं व्होल्टेज वाढवतो. आवाज बदलू पाहणारे नेमका तोच काढतात. तो घट्ट चिकट मसाल्यात रुतलेला असतो. म्हणून पडदा आणि कॉइल असलेली कॅप्सूल सुटी करून नुसता दांडा उकळत्या पाण्यात धरायचा, मसाला मऊ पडला की ट्रान्सफॉर्मर ओढून काढायचा आणि कॅप्सूलच्या तारा थेट कनेक्टरला सोल्डर करायच्या. खर्ज खोल होतो, आवाज मोकळा वाटतो. मात्र पातळी बरीच घसरते, तेव्हा दमदार प्रीअँप हवाच. मला विचाराल तर एकुलत्या एका माइकला हात लावू नये. दोन असतील, तर एकावर हा प्रयोग जरूर करावा आणि दोन्ही एकाच अँपसमोर शेजारी ठेवून ऐकावेत. तारा उलट लागल्या असतील तर दोन्ही एकत्र करताच खर्ज गायब होईल. मग सोल्डरिंग गन पुन्हा तापवायची.