गर्दीचे दरवाजे कोणाच्या हातात?

प्रति,
व्यवस्थापन, डिस्नीलँड रिसॉर्ट,
ॲनाहाइम, कॅलिफोर्निया

विषय : स्थानिक पासधारक आणि बागेतली गर्दी



ऑगस्ट २०२२ मध्ये वॉल्ट डिस्ने कंपनीचे तिमाही निकाल आले. उद्यानांचा धंदा जोरात होता, नफा वाढला होता, तरीही डिस्नीलँडच्या नावापुढे एक कुरकुर नोंदवलेली होती : येणाऱ्या लोकांचे मिश्रण प्रतिकूल आहे. गुंतवणूकदारांना त्याचा अर्थ लगेच कळला. हॉटेलात चार रात्री राहणारा, तीन दिवसांचे तिकीट काढणारा आणि पिशव्या भरून खेळणी नेणारा पाहुणा कमी पडतो आहे. वर्षाचा पास घेऊन संध्याकाळी येणारा आणि पॉपकॉर्नवर भागवणारा गावकरी जास्त झाला आहे. अर्थ गावकऱ्यांनाही कळला. काहींनी ‘प्रतिकूल’ हा शब्द टी-शर्टवर छापून घेतला आणि ते शर्ट घालून तुमच्याच फाटकातून आत गेले.

डिस्नीलँडमधल्या गर्दीचे खापर स्थानिक पासधारकांवर फोडण्याची पद्धत त्याआधीचीच. बाहेरगावचे प्रवासी ते फोडतात, तुमचे आर्थिक अहवाल सभ्य भाषेत फोडतात, आणि गंमत म्हणजे पासधारकही एकमेकांवर फोडतात. या आरोपात तथ्य किती, हे तपासून पाहावे म्हणून हे पत्र.

तथ्य आहे, आणि ते आधी मान्य करायला हवे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला लोक विमानाने येतात, आठवडाभर राहतात. ॲनाहाइमची गोष्ट निराळी. लॉस एंजेलिसपासून सॅन डिएगोपर्यंत दोन कोटींहून अधिक माणसे गाडीने येऊन रात्री घरी परतता येईल अशा अंतरावर राहतात. त्यांच्यासाठी डिस्नीलँड हा प्रवास नसतो, संध्याकाळचा बेत असतो. आणि पासाचे गणितच असे की जितके जास्त यावे तितका तो स्वस्त पडतो. ऑक्टोबर २०२४ च्या दरपत्रकात एका बागेचे एका दिवसाचे तिकीट १०४ ते २०६ डॉलर होते, आणि फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळणारा सर्वांत स्वस्त वार्षिक पास, ‘इमॅजिन की’, ५९९ डॉलरचा. म्हणजे सर्वांत कमी दराच्या तिकिटाने हिशेब केला तरी सहाव्या फेरीला पैसे वसूल. सातवी फेरी फुकट, आठवीही फुकट. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना पासाचे पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात. एवढे सगळे समोर ठेवल्यावर माणूस वारंवार येणार नाही तर काय करणार?

हा माणूस आत येऊन काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. आतषबाजी असलेल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फाटकावर थांबावे. कामावरून थेट आलेल्या बायका, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र तसेच राहिलेला एखादा तरुण, बाबागाडीत पायजम्यातले मूल घेऊन आलेले जोडपे. फोनवरचा बारकोड दाखवून ते आत शिरतात, पण पावले राइडकडे वळत नाहीत. मेन स्ट्रीटच्या टोकाला लिटल रेड वॅगनवर कॉर्न डॉग घ्यायचा, नाहीतर न्यू ऑर्लीन्स स्क्वेअरमध्ये मिंट ज्युलेप. मग किल्ल्यासमोर, वॉल्ट आणि मिकीच्या पुतळ्याभोवतीच्या कट्ट्यावर जागा धरायची. जागा धरायला एक जण, बाकीचे मागून येणार. साडेआठपर्यंत तो चौक असा भरतो की टुमॉरोलँडमधून झोपाळू मुलाला घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्या कुटुंबाला टॉर्च हलवणारे कर्मचारी लांबच्या वळणाने पाठवतात.

ही गर्दी राइडच्या प्रतीक्षेच्या फलकावर दिसत नाही. ‘स्पेस माउंटन’ची वेळ पंचेचाळीस मिनिटेच असते, आणि रस्त्यात मात्र पाय ठेवायला जागा नसते. पर्यटक राइडच्या रांगा लांबवतो, पासधारक रस्ते, कट्टे आणि खाण्याच्या गाड्यांपुढच्या रांगा भरतो. दोघांची गर्दी वेगळी, तिच्यावरचा इलाजही वेगळा. तुमच्या खात्याला हे ठाऊक असणार. २०१९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग उघडण्याआधी तुम्ही झाडांचे वाफे छाटले, रस्ते रुंद केले आणि मोठ्या बाबागाड्यांना बंदी केली, ते याच गर्दीसाठी.

आता त्या २०१९ च्या उन्हाळ्याकडे वळू, कारण पासधारकांवरच्या खटल्यातला सर्वांत मोठा पुरावा तिथेच आहे आणि तो त्यांच्या बाजूचा आहे. ‘गॅलक्सीज एज’ हा ‘स्टार वॉर्स’चा चौदा एकरांचा भाग ३१ मे २०१९ ला उघडला. जगभरातून लोंढे येतील या धास्तीने पहिले तीन आठवडे आगाऊ नोंदणी सक्तीची झाली, आणि खालच्या दरांच्या पासांना उन्हाळ्यातले बरेचसे दिवस बंद ठेवले गेले. लोंढे आलेच नाहीत. गर्दीच्या भीतीने प्रवासी घरी बसले, आणि ज्यांना गर्दीची सवय होती त्या गावकऱ्यांना तुम्ही दाराबाहेर ठेवले होते. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितले की अमेरिकेतल्या उद्यानांतली त्या तिमाहीची उपस्थिती ३ टक्क्यांनी घटली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी आसपासच्या हॉटेलांनी वाढवलेले दर, महागलेली तिकिटे आणि लोकांनी घेतलेली गर्दीची धास्ती, ही कारणे पुढे केली. म्हणजे रस्ते मोकळे होते तेव्हा ते मोकळे असणे ही कंपनीची अडचण होती. तीन वर्षांनी रस्ते भरले, तेव्हा भरणारी माणसे ही अडचण झाली.

धरणाचे दरवाजे जसे पाणीसाठा बघून उघडतात आणि बंद करतात, तसा पासधारकांचा उपयोग होत आला आहे. पर्यटक कमी असले की पासांच्या सवलती, पर्यटक आले की ब्लॉकआउटचे, म्हणजे पास न चालणारे दिवस. पूर आला तर दोष मात्र पाण्याचा.

गर्दी पासामुळे निर्माण झाली, हेही इतिहासाला धरून नाही. १७ जुलै १९५५ ला बाग उघडली तेव्हा पास नावाची गोष्टच नव्हती. निमंत्रितांसाठीच्या त्या दिवशी खोटी तिकिटे छापून लोक आत घुसले, ताज्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. वार्षिक पास आले १९८० च्या दशकात, प्रत्येक राइडचे वेगळे कूपन फाडण्याची पद्धत १९८२ मध्ये संपल्यानंतर. ते आणले कंपनीने, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या लोकांसाठी वेगळे स्वस्त पास काढले तेही कंपनीनेच. त्यांचा खप वाढता वाढता एवढा झाला की मे २०१४ मध्ये नव्या ग्राहकांना दक्षिण कॅलिफोर्नियाचा पास विकणे तुम्ही थांबवले. पास विकणारे तुम्ही, आणि विकलेल्या पासांची संख्या कोणाला न सांगणारेही तुम्हीच.

नंतर साथ आली. १४ मार्च २०२० ला बाग बंद झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये जुनी पासयोजना गुंडाळून लोकांना उरलेले पैसे परत दिले गेले. पासाविना डिस्नीलँड चालवून पाहण्याची याहून चांगली संधी मिळाली नसती. ती फार काळ टिकली नाही. ३० एप्रिलला बाग उघडली, सुरुवातीला फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. म्हणजे पडत्या काळात आधार कोणाचा, हे पुन्हा दिसले. २५ ऑगस्ट २०२१ ला ‘मॅजिक की’ या नावाने पास परत विक्रीला आले. टोकियोमध्ये मात्र तिथली डिस्नेची उद्याने चालवणाऱ्या ओरिएंटल लँड कंपनीने २०२० मध्ये वार्षिक पास बंद केले ते परत सुरू केलेच नाहीत. तिथे माणसे कमी आणि प्रत्येकाकडून खर्च जास्त, असे धोरण उघडपणे सांगितले जाते. ते आवडो न आवडो, ग्राहकाला ते माहीत असते.

‘मॅजिक की’मध्ये नवे काय होते? प्रत्येक भेटीची आगाऊ नोंदणी. तीन महिन्यांत तीनदा नोंदणी करून आला नाहीत तर महिनाभर नवी नोंदणी बंद. गर्दी वाटून देण्याची ही पद्धत वाईट नाही. नोंदणीमुळे एकाच दिवशी सगळे येऊन आदळत नाहीत. गडबड दुसरीकडे झाली. १,३९९ डॉलरची ‘ड्रीम की’ एकही दिवस बंद नसलेली म्हणून विकली गेली, आणि प्रत्यक्षात पासधारकांचा वाटा भरलेला असताना त्याच दिवसाची सुटी तिकिटे विक्रीला असायची. प्रकरण न्यायालयात गेले. २०२३ मध्ये डिस्नेने चूक मान्य न करता ९५ लाख डॉलर देऊन ते मिटवले. तडजोडीच्या कागदांतून कळले की एकट्या ‘ड्रीम की’चे धारक एक लाखाहून अधिक होते. पासधारकांच्या संख्येची एक पक्की खूण जनतेच्या हाती लागली ती अशी, खटला भरल्यावर.

उद्यानांच्या उपस्थितीचे अंदाज ‘थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशन’ दरवर्षी छापते. त्यानुसार २०२३ मध्ये डिस्नीलँड पार्कला सुमारे १ कोटी ७२ लाख भेटी झाल्या. दिवसाची सरासरी सत्तेचाळीस हजार. यातल्या किती पासावरच्या, किती तिकिटावरच्या, हे त्यात नाही. तोच आकडा नसताना गर्दीसाठी कोण जबाबदार यावर भांडण चालते, आणि ते भांडण तुमच्या सोयीचे आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना उभा असतो तो ग्राहकच.

हे भांडण एका घरातही होते. आयर्वाइन, ॲनाहाइम, आर्टेशिया या पट्ट्यात मराठी कुटुंबे बरीच आहेत. जुलै २०१५ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन डिस्नीलँडच्या समोरच, ॲनाहाइम कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरले होते. अशा घरात मुला-सुनेकडे स्वस्तातला पास असतो आणि पुण्या-नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना डिस्नीलँड दाखवायचे असते ते उन्हाळ्यात, नातवंडांना सुट्टी असताना. नेमका तेव्हा मुलाचा पास बंद. मग आई-बाबांची दोन महाग तिकिटे आणि वर पास असूनही स्वतःचे एक. पास पुन्हा उघडतो तोवर आई-बाबा परतीच्या विमानात बसलेले असतात. आयुष्यात एकदा येणारा पाहुणा आणि दर पंधरवड्याला येणारा गावकरी एकाच घरचे आहेत, हे ‘प्रतिकूल मिश्रण’ मोजणाऱ्या तक्त्यात कुठे बसत नाही.

पास बंद होण्या-उघडण्याचाच मुद्दा पुढे नेऊ. नाताळच्या सुट्टीत सर्वांत महागड्या ‘इन्स्पायर की’लाही दारे बंद असतात, स्वस्त पासांना तर त्याहून बरेच जास्त दिवस. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या राइडची नाताळची रोषणाई मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहते. बंदी उठते त्या दिवशी ती पाहायला सगळे एकदम येणार, यात नवल काय? तीच तऱ्हा शरद ऋतूतल्या हॅलोविनच्या रात्रींची. शेजारच्या तुमच्या दुसऱ्या बागेत, कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये, वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, म्हणून तिथल्या साध्या पाहुण्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात, आणि ते दोन बागांमधला चौक ओलांडून डिस्नीलँडमध्ये शिरतात. समोरून ऑफिस सुटलेले पासधारक येतच असतात. ही गर्दी कॅलेंडर आखणाऱ्याच्या टेबलावर तयार झालेली असते.

म्हणून मागण्या मोजक्या आणि तुमच्याच हातातल्या आहेत.

पहिली, प्रत्येक दिवशी पासधारकांसाठी किती जागा आणि तिकीटवाल्यांसाठी किती, हे प्रमाण पास विकण्याआधी जाहीर करावे. एकूण आकडा गुपित ठेवायचा असेल तर टक्केवारी द्यावी. ‘ड्रीम की’चा खटला त्यानेच टळला असता.

दुसरी, पास घेणाऱ्याला गेल्या वर्षीचे खरे कॅलेंडर दाखवावे : पासधारकांच्या जागा कोणत्या दिवशी भरल्या आणि किती दिवस आधी भरल्या. माणूस आपली सोय बघून ठरवेल, काही जण घेणारही नाहीत. गर्दी कमी व्हायला तेवढेही उपयोगी आहे.

तिसरी, सगळ्या पासांची बंदी एकाच दिवशी उठवू नये, दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवावे. हॅलोविनच्या रात्री पासधारकांची संध्याकाळची नोंदणी मर्यादित ठेवावी आणि त्याच्या बदल्यात मंगळवार-बुधवारचे दिवस खुले करावेत. आलेल्या माणसाला पुढच्या वेळी कधी यायचे हे सांगितले तर तो ऐकतो. दर पंधरवड्याला येणाऱ्याला घाई नसते.

चौथी मागणी जागेची. ॲनाहाइमच्या नगर परिषदेने २०२४ मध्ये ‘डिस्नीलँडफॉरवर्ड’ या विस्तार-आराखड्याला मंजुरी दिली आणि तुम्ही दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलर गुंतवायचे कबूल केले. त्यातून नवी दुकाने आणि नव्या राइड होतीलच. त्याबरोबर बसायच्या जागा, सावली आणि किल्ल्याच्या चौकाला वळसा घालून फाटकाकडे नेणारा रुंद रस्ता आराखड्यात कुठे आहे, तेही दाखवावे. पासधारक राइडसाठी येत नसतील, तर त्यांच्यासाठी लागणारी जागा राइडमध्ये मोजून चालणार नाही.

तुमचे दर अलीकडच्या वर्षांत ऑक्टोबरमध्ये वाढत आले आहेत. पुढच्या वाढीचे पत्रक छापायला जाईल तेव्हा त्याच पानावर, पासाच्या किमतीशेजारच्या रकान्यात, पहिल्या मागणीतली टक्केवारी छापावी. ती पाहून पुढच्या तिमाहीत मिश्रण अनुकूल की प्रतिकूल, हे ग्राहकांनाही ठरवता येईल.