आधी तिकीट, मग तारे

कॅनडातल्या एडमंटन शहरात ‘बायोवेअर’ या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत २०१२च्या मार्चमध्ये चारशेच्या आसपास कपकेक येऊन पडले. काहींवर लाल आयसिंग, काहींवर निळं, काहींवर हिरवं. चव मात्र सगळ्यांची एकच, व्हॅनिलाची. पाठवणारे होते ‘मास इफेक्ट’ या मालिकेचे नाराज चाहते, आणि टोमणा नेमका बसणारा होता. खेळाडूने घेतलेले निर्णय पुढच्या कथेला वळण देतील, या बोलीवर ही मालिका २००७ पासून तीन भाग चालली. तिसऱ्याच्या शेवटी हाती आले तीन पर्याय, आणि त्यांतला डोळ्यांना दिसणारा मोठा फरक कोणता, तर स्फोटाचा रंग. लाल, निळा, हिरवा.

याच चाहत्यांनी त्या सुमारास आजारी मुलांना खेळणी पुरवणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी हजारो डॉलरही जमवले. कंपनीने जूनमध्ये शेवट जरा उलगडून सांगणारी भर फुकट दिली. लेखकांनी चाहत्यांपुढे मान तुकवली, अशी ओरड तेव्हा झाली. ती पटण्यासारखी नाही. मूळ शेवट कंपनीने बदलला नाही, आणि तक्रार करणारे तर तिन्ही भाग खेळून बसलेले लोक होते. एवढा वेळ घातल्यावर माणसाला कुरकुरण्याचा हक्क मिळतोच.

चाहत्यांच्या भांडणांना ‘रिकामटेकड्यांचे उद्योग’ म्हणून नाक मुरडण्याची रीत जुनी आहे. पण राग कसला आहे, यापेक्षा तो कशावर उभा आहे, हे पाहिलं पाहिजे.

‘द लास्ट ऑफ अस’ या गेमचा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी बाजारात आला. तो पुरा करायला वीसेक तास तरी लागतात. तरीही ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर पहिल्याच दिवशी शून्य गुणांचा पाऊस पडला आणि वापरकर्त्यांची सरासरी दहापैकी चारच्या खाली घसरली. एप्रिलमध्ये फुटलेल्या चित्रफितींतून एका लाडक्या पात्राचा मृत्यू आधीच जगजाहीर झाला होता. काहींचा राग त्यावर होता, काहींचा नायिका समलिंगी असण्यावर, आणि काहींचा चक्क ॲबी या पात्राच्या पीळदार दंडांवर. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांनी त्या लपवून न ठेवता सगळ्यांसमोर मांडल्या. पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांनाही गावोगावच्या बायका खऱ्याखुऱ्या शिव्या देत आणि ते त्याला अभिनयाची पावती मानत, असं सांगतात. पण त्या बायकांनी निदान सिनेमा पाहिलेला असे.

‘कॅप्टन मार्व्हल’च्या वाट्याला हेच एक वर्ष आधी आलं होतं. चित्रपट लागायचा होता ८ मार्च २०१९ रोजी, शिव्याशाप सुरू झाले फेब्रुवारीतच. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाने प्रदर्शनापूर्वीच्या शेऱ्यांची सोयच काढून टाकली आणि काही महिन्यांनी तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला, म्हणजे नुकसान काहीच झालं नाही, असं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. एवढा गाजावाजा पाठीशी नसलेला चित्रपट अशा माऱ्याखाली तरला नसता.

न पाहता बोलण्याचा मक्ता फक्त पोरासोरांकडे आहे, असंही नाही. त्याच २०१९ मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी ‘मार्व्हल’च्या चित्रपटांना सिनेमा मानायला नकार दिला. आपण ते पाहत नाही, पाहायचा प्रयत्न करून सोडून दिला, हेही त्यांनीच सांगितलं. चाहते उसळले, आणि निम्म्या मुद्द्यावर त्यांचं बरोबर होतं. पुढे नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या लेखात स्कॉर्सेसी यांनी बाजू नीट मांडली: हे बडे चित्रपट पडदे अडवून बसतात आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. प्राइम टाइमच्या खेळासाठी मल्टिप्लेक्सशी झगडणाऱ्या मराठी निर्मात्यांना हे दुखणं ठाऊक आहे. पडद्यांची गणती करण्यासाठी चित्रपट पाहावा लागत नाही. तो सिनेमा आहे की नाही, हे ठरवायला मात्र लागतो.

कंपन्या आणि समीक्षकांबद्दलचा चाहत्यांचा संशय सगळाच हवेतला नसतो. ‘लास्ट ऑफ अस’च्या समीक्षकांना आगाऊ प्रत देताना उत्तरार्धातल्या घडामोडींबद्दल लिहायचं नाही, अशी अट घातली गेली होती. २०२०च्याच डिसेंबरात पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट’ने याहून मोठा प्रताप केला. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम परीक्षणासाठी दिला तो फक्त संगणकावर चालणारा. नव्वदीच्या घरात गुण मिळाले. मग सामान्य गिऱ्हाइकाने तो आपल्या जुन्या प्लेस्टेशनवर सुरू केला, तर चेहरे धड उमटेनात, आणि खेळ मध्येच बंद पडून थेट मुख्य पडद्यावर आणून सोडू लागला. वापरकर्त्यांनी रागाने गुण पाडले आणि त्यांतला शब्दन्‌शब्द खरा होता. आठवडाभरात ‘सोनी’ने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला घेतले. समीक्षकांनी जे सांगायला हवं होतं, ते इथे गिऱ्हाइकांनी सांगितलं.

म्हणून तर पोकळ शून्यांचा राग यावा. जूनमध्ये हजारोंनी ‘लांडगा आला रे’ केल्यावर डिसेंबरातला खरा लांडगा ओळखायचा कसा?

यावर उपाय कोणता, याबाबत मेटाक्रिटिकने त्या जूनच्या गोंधळानंतर घड्याळ निवडलं: गेम आल्यावर पहिले छत्तीस तास वापरकर्त्यांनी गुण द्यायचे नाहीत. केरळात मल्याळम चित्रपटांवरच्या ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’चं प्रकरण २०२३ मध्ये उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने पुढच्या वर्षी सुचवलं, की व्लॉगरांनी प्रदर्शनानंतर अठ्ठेचाळीस तास थांबावं. ही सूचना निर्मात्यांच्या पथ्यावर पडणारी आहे. शुक्रवारी पहिल्या खेळाला पदरचे पैसे मोडून गेलेल्याने रविवारपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं, आणि तेवढ्यात पडेल चित्रपटाने आठवड्याची कमाई उरकून घ्यायची. शिवाय ज्याने काही पाहिलेलंच नाही, तो तिसऱ्या दिवशीही तितक्याच सुखाने शून्य देणार.

गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानाची रीत याहून शहाणी आहे. तिथे खात्यात गेम असल्याशिवाय मत नोंदवता येत नाही, आणि प्रत्येक मताशेजारी तो किती तास खेळला, हे छापलेलं असतं. दोनशे तास खेळून ‘टाकाऊ’ म्हणणारा दिसतो, तसा वीस मिनिटांत उठून गेलेलाही दिसतो. वाचणारा ज्याला त्याला हवं तेवढं वजन देतो. आपल्याकडे तिकीट विकणाऱ्या ॲपकडे कोणी कुठल्या खेळाचं आसन घेतलं होतं, याची नोंद असतेच. ती दिलेल्या ताऱ्यांशेजारी छापायला उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नाही.