विश्लेषण : स्काऊट-गाईडचे बॅज कशासाठी? गुणांसाठी, नोकरीसाठी की कौशल्यासाठी?

राज्यात दहावीला सवलतीचे गुण आणि रेल्वेत स्वतंत्र कोटा यांमुळे स्काऊट-गाईडच्या प्रमाणपत्रांकडे पालकांचे लक्ष वळले आहे. पण ही प्रमाणपत्रे मिळतात कशी आणि त्यांची विश्वासार्हता कशावर टिकते?

टप्पे कोणते?

'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. साधारण दहाव्या वर्षी मूल स्काऊट किंवा गाईड होते. 'प्रवेश', मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, असा हा क्रम आहे. एकही पायरी गाळता येत नाही आणि प्रत्येक टप्प्यासाठी किमान मुदत ठरलेली असते. त्यामुळे आठवी-नववीत सुरुवात करणाऱ्याला दहावीपर्यंत वरचे पुरस्कार मिळवणे अवघड जाते.

तपासले काय जाते?

गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशावाचन, उघड्यावरचा स्वयंपाक, शिबीर आणि समाजसेवा. शिवाय आवडीच्या विषयांतले प्रावीण्य बॅज. सुरुवातीच्या टप्प्यांची तपासणी पथकातच होते. राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कारांसाठी चाचणी शिबिरात बाहेरचे परीक्षक असतात.

प्रमाणपत्राचे मोल किती?

रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यात राष्ट्रपती पुरस्कार किंवा 'हिमालय वुड बॅज' ही प्रमुख अट असते. निवडीच्या १०० गुणांपैकी ६० लेखी परीक्षेला, तर ४० प्रमाणपत्रांना असतात. सरकारी नोकरीच्या स्पर्धेत हे ४० गुण निर्णायक ठरू शकतात.

मग अडचण कुठे?

स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी बॅजसाठी गुणवत्तेच्या ठराविक पातळीपेक्षा मुलाने घेतलेल्या मेहनतीला महत्त्व दिले. म्हणून इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुलाची मेहनत ओळखता येते ती त्याला वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकालाच. हाच शिक्षक अध्यापन, परीक्षा आणि शाळाबाह्य कामे सांभाळून पथक चालवत असेल, तर साप्ताहिक सभा मागे पडतात आणि नोंदवही शिबिराच्या तोंडावर भरली जाते. प्रमाणपत्राला गुण आणि नोकरी जोडली गेल्यावर हा मोह वाढतो. अशा वेळी सर्वाधिक नुकसान खरोखर मेहनत केलेल्या मुलाचे होते. कारण कागदावर दोघे सारखेच दिसतात.

पालकांनी काय पाहावे?

पथकाची सभा दर आठवड्याला होते का, शिक्षकाने स्काऊटचे प्रशिक्षण घेतले आहे का आणि नोंदवही मूल स्वतः लिहिते का, हे तीन प्रश्न शाळेला विचारता येतील. घरी कुणाचे बोट कापले, तर प्रथमोपचाराचा बॅज मिळवलेल्या मुलाला पट्टी बांधता यायला हवी. तेवढे जमले, तर गुण मिळोत न मिळोत, बॅज खरा.